दासगावचा कातळ आणि रियुनियनची आग

दासगाव ज्या काळ्या कातळावर वसले आहे तो ज्वालामुखीचा दगड आहे. ज्या आगीतून तो वर आला ती आग, बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते, अजून विझलेली नाही. फक्त ती आता दासगावच्या खाली उरलेली नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तेव्हा त्याच्या पश्चिम भागाखालून शिलारसाचे लोट वर आले. पुढे भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला आणि आग मागे पडली. आज ती हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर, साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर, ‘पितों द ला फुर्नेज’ म्हणजे ‘भट्टीचे शिखर’ या नावाच्या डोंगरातून बाहेर पडते. महाड-पोलादपूरच्या माणसाला जागता ज्वालामुखी पाहायचा असेल, तर त्याच्या गावाशी नाते सांगणारा ज्वालामुखी हाच. मात्र तिथे जाण्याआधी सावित्री नदीच्या काठाने महाबळेश्वरपर्यंत एकदा वर चढून गेले, तर तिकडे जे दिसते त्याचा अर्थ चांगला लागतो.

दासगाव महाडच्या अलीकडे मुंबई-गोवा महामार्गावर, सावित्रीच्या उजव्या काठाला आहे. कोकण रेल्वेने येणाऱ्याला वीर स्थानक जवळचे. भरतीचे पाणी नदीतून इथवर चढते, म्हणून रस्ते होण्याआधी दासगाव हे बंदर होते. बाणकोटच्या खाडीतून शिरलेली गलबते इथवर येत, पुढे महाडपर्यंत लहान होड्या जात. मुंबईहून महाबळेश्वरला हवापालटासाठी निघालेले इंग्रज साहेबही एके काळी याच पाण्याने येऊन पुढे घाट चढत. आज प्रवासी इथे थांबत नाहीत, गाडी सरळ महाडला जाते. थांबून रस्त्याकडेच्या खोदलेल्या भिंतीकडे पाहिले तर तीन गोष्टी एकावर एक दिसतात: तळाला घट्ट काळा दगड, त्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत चाललेला करडा दगड, आणि सगळ्यांत वर तांबूस माती. तिन्ही एकाच लाव्ह्याची रूपे आहेत. फरक आहे तो पावसाने किती काळ काम केले याचा.

ही वरची माती या भागात जीवघेणी ठरली आहे. २००५च्या २५ आणि २६ जुलैला झालेल्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. तिथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. दोन्ही वेळी कारण एका जातीचे होते. उतारावर कित्येक मीटर जाडीची कुजलेली लाव्ह्याची माती बसलेली असते, तिच्याखाली पाणी न पिणारा कातळ असतो. पाऊस थांबेना की मातीत मुरलेले पाणी कातळापाशी अडते, मातीचे वजन वाढते, पकड सुटते आणि झाडांसकट उतार खाली येतो. ज्वालामुखीच्या देशात माणसे लाव्ह्याला भितात. कोकणात लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे झाली, पण तो कुजून झालेल्या मातीची भीती दर आषाढात असते.

जमिनीखाली अजून ऊब आहे याचा पुरावा हवा असेल तर सव गावी जावे. दासगाव आणि महाड दोन्हींपासून जवळ, सावित्रीच्या काठी असलेल्या या गावात गरम पाण्याचे झरे आहेत. पाणी अंगाला सोसेल इतपत ऊन असते. कुंडाच्या तळातून मधूनच बुडबुड्यांची माळ वर येते आणि फुटते. पाणी उकळते आहे असा भास होतो, पण ते बुडबुडे वाफेचे नसून खोलातून आलेल्या वायूंचे असतात. असे झरे पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशा एका ओळीत आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वरकडचे तुरळ ही त्यांतली ओळखीची नावे. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते, त्यात हात घालवत नाही. ‘गरम पाणी म्हणजे खाली ज्वालामुखी’ ही समजूत सगळीकडे ऐकू येते आणि ती चुकीची आहे. पावसाचे पाणी किनाऱ्याला समांतर गेलेल्या जुन्या भेगांतून खोल उतरते, खाली जावे तसे कोणताही दगड गरम होत जातो, तिथे पाणी तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोकणाखाली शिलारस नाही, म्हणून सवच्या झऱ्याचा उद्या ज्वालामुखी होणार नाही.

महाडच्या वेशीवर गांधारपाले येथे डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतल्या या लेण्यांपैकी एकात कुमार काणभोज विष्णुपालिताचे नाव कोरलेले आहे. गावातले लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. ज्वालामुखी पाहायला निघालेल्याने इथे मूर्तींपेक्षा छताकडे पाहावे. महाराष्ट्रात लेणी इतकी का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर छतातच आहे: लाव्ह्याचा एक थर आडवा, सलग आणि जाड असतो, त्याला खालून पोखरले तरी तो आपला भार आपण पेलतो.

पोलादपूर हे घाटाच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. एस.टी. इथे थांबते, प्रवासी चहा घेतात आणि पुढे जातात. या गावाचे नाव मात्र जगभरच्या भूविज्ञानाच्या शोधनिबंधांत आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर रासायनिक घडणीवरून वेगळे ओळखता येतात, आणि १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांना सह्याद्रीतल्या ठिकाणांची नावे दिली. तळाकडून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, त्यावर पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. शेवटची तीन नावे पोलादपूर ते महाबळेश्वर या चाळीसेक किलोमीटरच्या एका रस्त्यावर ओळीने भेटतात. हा आंबेनळी घाट. इंग्रजी अमदानीत याला फिट्झजेराल्ड घाट म्हणत.

घाट चढणे म्हणजे काळात अलीकडे येणे. सह्याद्रीचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: कडा, मग झाडीची चिंचोळी पट्टी, पुन्हा कडा. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक प्रवाह किंवा प्रवाहांचा गठ्ठा. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून घट्ट. वरचा भाग हवेत लवकर थिजतो आणि त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. तो भाग जाळीदार होतो, लवकर झिजतो आणि त्यावर झाडी धरते. पुढे त्या भोकांत पाण्यातून स्फटिक जमतात. रस्त्याच्या कापणीत पांढरे, मोत्यासारखी झाक असलेले ठिपके दिसतात ते स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखे झिओलाइट असतात. गावातली मुले त्या सगळ्यांनाच गारगोट्या म्हणतात.

दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठेकुठे विटेच्या रंगाचा लाल पट्टा लागतो. वीतभरापासून पुरुषभर जाडीपर्यंत असतो. अंगठा दाबून फिरवला तर गेरूसारखी भुकटी हाताला लागते. त्याच्या वरचा दगड धारदार, खालचा भुसभुशीत. खालचा प्रवाह थंड झाला, त्यावर राख पडली, ऊनपावसाने माती झाली, आणि मग पुढचा प्रवाह त्या मातीवरून गेला व तिला भाजून काढले, असा त्या पट्ट्याचा इतिहास. संपूर्ण घाटात मोलाचे काही असेल तर हा लाल पट्टा. राखेतून आलेले झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण त्यात सापडतात आणि त्यांवरून थरांचे वय काढता येते. प्रिन्स्टन आणि बर्कली येथील दोन गटांनी २०१९ मध्ये दख्खनची वये प्रसिद्ध केली. एका गटाने या लाल थरांतले झिरकॉन वापरले, दुसऱ्याने खुद्द बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा हा काळा दगडच. डायनोसॉर नाहीसे झाले त्या घडीला कोणता थर वाहत होता यावर दोघांचे जमले नाही. त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलूब येथे उल्का आदळली, तिच्या धक्क्याने दख्खनचे उद्रेक अधिक जोरात सुरू झाले असावेत, अशी एक मांडणी बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये केली होती. त्या मांडणीत ज्या थरापासून जोर वाढला तो पोलादपूरचा. चहाच्या टपरीमागच्या दगडाला एवढी प्रतिष्ठा आहे हे टपरीवर कुणाला ठाऊक नसते.

आणखी एक गंमत होकायंत्राची आहे. पोलादपूर आणि आंबेनळीचे थर थिजले तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटे होते, होकायंत्राची सुई दक्षिण दाखवत असती. दगडातल्या लोहखनिजाच्या कणांनी ती दिशा धरून ठेवली आहे. महाबळेश्वरच्या थरांत चढता चढता ती सुलटी होते. घाटमाथ्यावर पोचल्यावर काळा दगड संपतो आणि तांबडा जांभा लागतो. तोही मूळचा लाव्हाच, लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे शिल्लक राहिलेला. जुन्या महाबळेश्वरात पाच नद्यांच्या उगमांत सावित्रीचा उगम दाखवतात. दासगावला खाडी होऊन पसरलेली नदी इथे बोटभर धार असते.

इतके पाहूनही विवर कुठे दिसत नाही. दख्खनचा लाव्हा शंकूच्या आकाराच्या डोंगरातून बाहेर पडलेला नाही. जमीन लांबच लांब फाटली आणि भेगांतून तो पुरासारखा पसरला. लोणार हे सरोवर ज्वालामुखीचे विवर असावे असे पूर्वी मानत, ते उल्केच्या आघाताने झाले आहे. माणसाने पाहिलेल्या मोठ्या भेगी उद्रेकांपैकी आइसलँडचा लाकी एक. तिथे १७८३ मध्ये सुमारे २७ किलोमीटरच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला आणि जवळजवळ १५ घन किलोमीटर दगड तयार झाला. दख्खनचा एखादा मोठा प्रवाह याच्या कित्येक पट असे. काही प्रवाह तर थेट आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. आज उरलेले पठार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधन केले तेव्हा नऊशे मीटरच्या आसपास बसाल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट लागला.

जिवंत ज्वालामुखी म्हटले की भारतीय प्रवाशाला आधी अंदमानातले बॅरन बेट आठवते. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर असलेला हा देशातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीर्घ झोपेनंतर तो १९९१ मध्ये पुन्हा पेटला आणि अधूनमधून धुमसत असतो. त्याची घडण वेगळी आहे: एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथली ती आग आहे, दख्खनशी तिचा संबंध नाही. पर्यटकाला बेटावर उतरू देत नाहीत, परवानगी मिळाली तरी बोटीतूनच पाहावे लागते.

दख्खनच्या आगीचा माग काढायचा तर नकाशावर बोट दक्षिणेकडे न्यावे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि रियुनियन अशी ती ओळ जाते. तप्त जागा खोलात एका ठिकाणी राहिली आणि वरचा भूपट्ट सरकत गेला, म्हणून जळक्या खुणांची माळ तयार झाली, असे हे स्पष्टीकरण. मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांच्यासारख्या काही अभ्यासकांना ते मान्य नाही. भूखंड ताणून फाटणे हेच कारण पुरेसे आहे असे ते म्हणतात. वाद मिटलेला नाही, पण ओळ नकाशावर आहे.

या ओळीत मॉरिशसला मराठी माणूस आधीच पोचलेला आहे. १८३४पासून ऊसमळ्यांवर करारबंद मजूर नेले जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसेही होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ती उतरली. तिथल्या सोळा पायऱ्या काळ्या बसाल्टच्या आहेत. पुढे शेतात त्यांना पहिले काम दगड वेचण्याचेच असे. उसाच्या शेतांमध्ये आजही काळ्या दगडांचे मनोऱ्यासारखे ढीग उभे दिसतात, ते मजुरांनी हातांनी रचलेले. घरचा दगड सोडून आलेल्यांना समुद्रापार तोच दगड उचलावा लागला. त्यांच्या वंशजांनी जपलेला ‘झाकरी’ हा नाच म्हणजे कोकणातली जाखडी. मॉरिशसचे ज्वालामुखी विझलेले आहेत. क्यूरपीप गावातले त्रू ओ सेर्फ हे झाडीने भरलेले विवर कुणालाही चालत पाहता येते.

मॉरिशसहून रियुनियनला विमान पाऊण तासात पोचते. बेट फ्रान्सचे असले तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे नेहमीच्या युरोपीय व्हिसावर विसंबून निघू नये. नियम आधी पाहून घ्यावा. बेटाचे दोन भाग आहेत: विझलेला पितों दे नेज, तीन हजार मीटरहून उंच, आणि त्याच्या आग्नेयेला २,६३२ मीटरचा जागता पितों द ला फुर्नेज. सतराव्या शतकापासून याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदलेले आहेत. जगातल्या सर्वांत जास्त पेटणाऱ्या ज्वालामुखींत त्याची गणना होते. काही वर्षी तर तो चार-पाच वेळाही पेटला आहे. तरीही तो तुलनेने सौम्य मानला जातो, कारण त्याचा लाव्हा दख्खनसारखाच पातळ बसाल्टचा असतो. वायू सहज सुटून जातो, डोंगर फुटत नाही, वाहतो.

वाट बूर-म्युरा गावातून जाते. इथे १९७७च्या उद्रेकानंतर उभारलेली वेधशाळा आहे आणि ज्वालामुखीचे संग्रहालय आहे. पुढे रस्ता एकदम प्लेन दे साब्ल या तांबूस-काळ्या रेताड मैदानात उतरतो. झाडाचे पान नाही. शेवटी २,३११ मीटरवर पा द बेलकोंबचा कडा येतो. कड्याखाली आंक्लो फुके हे सुमारे आठ किलोमीटर रुंदीचे खचलेले अंगण आणि त्यात मधोमध डोंगर. पहाटे निघून सकाळी इथे असावे लागते, दुपारपर्यंत ढग सगळे झाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे हिवाळा असतो, कड्यावर पहाटे गोठवणारी थंडी असते; उष्ण कटिबंधातले बेट म्हणून पातळ कपड्यांवर आलेले प्रवासी गाडीतून उतरत नाहीत.

डोंगर शांत असेल तर कड्यातल्या पायऱ्यांनी खाली उतरून माथ्यापर्यंत चालत जाता येते. जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. वाटेवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दगडांवर मारलेले आहेत, धुक्यात ते सोडू नयेत. सुरुवातीलाच फॉर्मिका लेओ ही १७५३ मधली लहानशी लाल टेकडी लागते. मग आंबेनळीत जे उभ्या कापात दिसले ते इथे आडवे पायाखाली येते. कुठे लाव्ह्याची साय सुरकुतून दोरखंडासारखी वळलेली असते. हवाई बेटांच्या भाषेतून आलेले तिचे नाव पाहोएहोए. कुठे अणकुचीदार ढेकळांचा खच असतो, त्याला ‘आ-आ’ म्हणतात. त्यावर पडले तर तळहात सोलतो, आणि बुटांचे तळवे एका फेरीत झिजतात. ताज्या पाहोएहोएवर काचेची झळाळी असते, दासगावच्या दगडावरून ती कधीच गेली आहे. माथ्यावर बोरी आणि दोलोम्यू ही दोन विवरे आहेत. २००७च्या एप्रिलमध्ये खालून शिलारस निघून गेल्याने दोलोम्यूचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून अधिक खचला. त्याची किनार अजून कच्ची आहे, कठड्यापलीकडे कुणी जात नाही.

उद्रेक व्हायच्या आधी डोंगर बारीक भूकंपांनी थरथरतो आणि किंचित फुगतो. वेधशाळा इशारा देते, प्रशासन आंक्लोचे फाटक बंद करते, आत असलेल्यांना बाहेर काढते. त्यामुळे ‘ज्वालामुखी पाहायचा’ म्हणजे त्याच्याजवळ जायचे नव्हे. तो पेटल्यावर कड्यावर उभे राहायचे. अकराशे-बाराशे अंशांचा लाव्हा दिवसा धूसर तांबडा आणि रात्री नारिंगी दिसतो. बेटावरचे लोक जेवणाचे डबे आणि पांघरुणे घेऊन रात्रीच गाड्या काढतात, रस्ता तासन् तास तुंबतो. वाऱ्याबरोबर गंधकाचा वायू आला की घसा जळजळतो. दम्याच्या माणसाने वाऱ्याच्या दिशेला थांबू नये. उद्रेक केव्हा होईल हे महिनाभर आधी कुणी सांगू शकत नाही आणि तो काही तासांतही आटोपू शकतो, म्हणून तिकीट काढताना त्याची खात्री धरता येत नाही.

पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने गेले तर सँत-रोज भागात १९७७चा लाव्हा एका चर्चच्या दारापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेलेला दिसतो. चर्च वाचले, शेजारची घरे गेली. आज त्याचे नाव ‘लाव्ह्यांची माता’ अशा अर्थाचे आहे. पुढे ग्रां ब्रूले हा उतार लागतो, तिथून लाव्हा थेट समुद्रात उतरतो. महामार्ग दर काही वर्षांनी गाडला जातो आणि प्रवाह निवल्यावर त्यावरूनच पुन्हा बांधला जातो. रस्त्याकडेला ज्या त्या प्रवाहाच्या वर्षाच्या पाट्या उभ्या आहेत. ताज्या प्रवाहावर काहीच नसते, त्याआधीच्यावर राखाडी दगडफूल, त्याहून जुन्यावर नेचे आणि मग झुडपे. २००७चा प्रवाह समुद्रात उतरला तेव्हा खोल पाण्यातले मासे मरून वर तरंगले होते आणि संशोधकांनी ते गोळा केले. या बेटावरचा पाऊस कोकणालाही मागे टाकणारा आहे. एका दिवसातल्या पावसाचा, १९६६च्या जानेवारीतला १,८२५ मिलिमीटरचा, जागतिक विक्रम याच डोंगरांतला आहे. २००७च्या त्या जाड प्रवाहाचे पोट पुढे कित्येक वर्षे गरम राहिले आणि सर आली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडांतून वाफ वर येत असे.